मुळगावची बहीण

३ फेब्रुवारी २०१३, रविवार

"मुळगावच्या एका बहिणीसाठी!" नाव घेतलं नाही म्हणे. अख्ख्या संगतीत मुळगावहून येणारी बहीण एकच – मी!

डिचोलीच्या हॉलमध्ये आज पन्नासेक माणसं असतील. कमलाक्षीताई प्रार्थनेला उभी राहिली, डोळे मिटले, हात वर. "प्रभू, आमची मुळगावची बहीण विश्वासात अडखळली. लेक तापली म्हणून गावच्या देवीपुढे नारळ ठेवून आली. तिला सांभाळ." सगळ्यांचे डोळे मिटलेले असायला हवे होते. मी उघडले, तर निम्मी संगत माझ्याकडे बघत होती. पास्टरसुद्धा.

हे मी ताईला एकटीला सांगितलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात, तिचा हात धरून. सुमंगलाचा ताप चार दिवस उतरेना, घाबरले, गेले देवळात. लाज वाटली म्हणून तर सांगितलं! सहा वर्षं या बाईला आईच्या जागी मानलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी माझे ओले केस तिनंच पुसले होते.

नंतर जेवणं. नेहमीप्रमाणे भात वाढायला मीच. एकेकीच्या डोळ्यांत कीव नुसती. एकीनं तर ताट पुढे करता करता माझा हात थोपटला.

४ फेब्रुवारी

सकाळी प्रार्थनेला बसले. "प्रभू" म्हटलं आणि पुढे ताईचंच तोंड दिसायला लागलं. उठले.

६ फेब्रुवारी, बुधवार

ताई आली. गरम उंडे पाव घेऊन – जसं काही झालंच नाही! मी चहा ठेवला.

"तुझ्याखातीर सांगलंय गो. प्रार्थनेचो विषय तो, गजाल न्हय."

"मला विचारलंत?" मी म्हटलं.

"देवाफुडे उभी रवल्यावर कोणाक विचारूचा?"

मग खरं काम बाहेर आलं. रविवारचा माझा मुलांचा वर्ग यापुढे पद्मावती घेणार. मला म्हणे अजून थोडी आत्मिक वाढ हवी. वाढ! सहा वर्षं वाढतेच तर आहे मी – भात, आमटी, सोलकढी!

याच बाईनं एकदा सगळ्यांसमोर मला मिठी मारली होती. तीन वर्षं झाली त्याला. मी पहिल्यांदा उभी राहून मोठ्यानं प्रार्थना केली, लोक रडले, पास्टरांनी डोळे पुसले. आणि ताई म्हणाली, "वाढलंस गो तू, जानकी!" तेव्हा वाढले होते, मग आता काय खुजी झाले?

तिचे उंडे मी तोंडात घातले नाहीत. सुमंगलानं खाल्ले, दोन. ताप गेल्यापासून पोरीला भूक फार लागते.

१० फेब्रुवारी, रविवार

गेले नाही.

सगुण अंगणात ट्रक पुसत होता. खाणी बंद, ट्रक जागचा हलत नाही, तरी रोज पुसतो. तो आमच्या संगतीत येत नाही, पण नवरा म्हणून मला कधी अडवलंही नाही. आज माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या देवाक हळू बोललेला ऐकू येना काय गो?" हसू आलं. मग रडू.

दुपारभर शांताची आठवण. हळर्णची शांता – दोन बस बदलून उपासनेला यायची, जेवणं झाली की माझ्याबरोबर भांडी घासायची. एका रविवारनंतर आलीच नाही. फोन उचलला नाही. डिचोलीच्या बाजारात दिसली, तर मला बघून रस्ता ओलांडून गेली! मी सगळ्यांना सांगत होते, विश्वासात कच्ची निघाली. आता कळतंय, तिलाही असंच कुणीतरी दुखवलं असणार. ताईनंच, दुसरं कोण! शांताला गाठायला हवं. दोघी मिळून जाब विचारू.

१२ फेब्रुवारी

पास्टरांचा फोन. "क्षमा कर, जानकी. विश्वासात मोठं होणं म्हणजे तेच." मोठं व्हायचं ते मीच का? आधी तिनं माझे पाय धरावेत. नाही करणार!

१४ फेब्रुवारी, गुरुवार

प्रार्थनेची जुनी वही काढली. दर रविवारी कोण आलं, कुणासाठी प्रार्थना झाली, ते मी तीत लिहायचे. शांता कुठल्या रविवारनंतर आली नाही, ते बघायला. ताईपुढे तारीखच ठेवायची होती.

सापडला रविवार. माझ्या त्या पहिल्या प्रार्थनेचा. घरी लिहून, पाठ करून गेले होते ती. माझंच अक्षर, ठळक, खाली रेघ मारलेलं – "हळर्णच्या एका बहिणीसाठी. तिचा नवरा तिच्यावर हात उचलतो."

भांडी घासताना मला एकटीला सांगितलं होतं तिनं.

हळर्णहून येणारी बहीण एकच होती.