कवीच्या अंगावर बादली

तेरखेडा, गुरुवार. भाकरी थापायच्या राहिल्यात.

पण आधी लिहूनच टाकते. आज गढीवर सिनेमाचं शूटिंग होतं. निजामाच्या काळातला एक जहागीरदार, गझला लिहिणारा, दारूत आणि नाचगाण्यात बुडालेला. त्याच्या मैफिलीला भुईनळे आमच्या फटाक्यांच्या कारखान्यातले. ते लावायला मी आणि माझे सासरे, आप्पा, गेलो होतो.

दिवेलागणीला कवी झालेला नट झिंगल्याचं सोंग करत आला. जांभळी मखमल, चिकटवलेली झुपकेदार मिशी. शेर म्हणता म्हणता त्यानं हुक्क्यातला निखारा चिमट्यात धरला आणि थेट आमच्या भुईनळ्यांच्या टोपलीवर वाकला. आमच्यात कारखान्याच्या फाटकातच काडीपेटी काढून ठेवतात. शूटिंग वगैरे विसरलेच मी. "मुडद्या, माघारी सर!" म्हणून वरडले आणि शेजारची पाण्याची अख्खी बादली त्याच्या अंगावर ओतली. मिशी एका बाजूनं लोंबायला लागली.

आप्पांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, गेलं काम. भुईनळेबी भिजले. पण डायरेक्टर म्हणाले, "अख्ख्या सिनेमात ह्याला कुणीच अडवत नाही. तुम्ही अडवलंत. उद्या कॅमेऱ्यासमोर हेच करायचं."

मी, सिनेमात! आल्यापासून चुलीपुढं दोनदा वरडून पाहिलं, जमेना. उद्या निखारा खोटा असणार म्हणे. मग राग आणायचा कुठनं? आणि ती लोंबती मिशी डोळ्यापुढनं हलत न्हाय.

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "रागाचं ऱ्हाऊ दे, पोरी. हसू नको म्हंजे झालं."