पहिला निरोप कुणी धाडायचा

।। श्री गजानन प्रसन्न ।।

सातारा, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, १९९८

तीर्थस्वरूप वन्सं बनुबाई यांस, धाकट्या भावजयीचा, विनोदिनीचा, वाकून नमस्कार. आपले गुडघे आणि यजमानांचा दमा कसा आहे? आम्ही सगळे खुशाल. (कागद समितीच्या सूचनापत्राचा पाठकोरा आहे. मागची बाजू वाचू नये, तीत काही नाही.)

दोन वर्षांनी मी आधी पत्र लिहिले म्हणजे मी नमले, असे मुळीच समजू नये. आधी बोलेल तो हलका, हा नियम मी परवाच भर सभेत मोडला आहे.

सातारा आणि सांगलीने मिळून माहितीचा सहकार करायचे ठरवले, हे तिकडे सांगलीच्या पेपरात आलेच असेल. तिकडे एक संगणक, इकडे एक, मध्ये टेलिफोनची तार. कुठल्या दवाखान्यात कुठला डॉक्टर कधी येतो, रक्त कुठे मिळेल, बाजारात काय भाव, सगळे एकमेकांना कळवायचे. मॅट्रिक झालेली, अक्षर बरे, म्हणून समितीत मलाही घेतले. (काम चहाचे.) आमचा संगणक वाचनालयात बसवला. मी त्याला जुन्या खणाची झूल शिवली, हळदकुंकू वाहिले, आणि तो अठरा दिवस तसाच नटून बसला. कारण पहिला निरोप कुणी धाडायचा? आमचे अध्यक्ष आप्पासो म्हणाले, "सातारा गादीचं गाव. आदी सांगलीनं इचारायचं." तिकडचे धोंडिराम म्हणाले, आम्ही संस्थानचे, आम्ही मुलाकडचे. मग दोघे त्याच तारेवर रोज अर्धा तास टेलिफोनने भांडायचे. (भांडणात दोन्ही गावांची इतकी माहिती इकडून तिकडे गेली, की संगणकाला काही उरले नाही.)

मंगळवारी सभेत मी उठले. म्हटले, आप्पासो, अहो, पोराचेही बाराव्या दिवशी नाव ठेवतात, याला अठरा झाले.

"वैनी, तुमी चहाचं बगा."

"चहा उकळतोय. तोवर हे बघते."

झूल बाजूला केली आणि संगणक चालवणाऱ्या ओवीला म्हटले, घे गं लिहून. आप्पासोंचा मजकूर दोन पानी होता, त्यात 'ऐतिहासिक' सात वेळा. मी एकच ओळ सांगितली, 'मयूरीचे लग्न ठरले, आत्याची हळद पाहिजे.' आपल्या घरात मुलीची हळद आत्यानेच आणायची आणि पहिला हात तिनेच लावायचा, हे ओवीला काय ठाऊक? सांगलीलाही नव्हते, ते पडले हळदीच्या बाजाराचे गाव. चहा गाळून होतो तोच उत्तर आले, 'राजापुरी आहे. किती पोती? पत्ता कळवा.'

सांगलीत म्हणे पेढे वाटले, सातारा आधी बोलला म्हणून. आप्पासो लालबुंद. "लय झालं वैनी! माफीचा कागद लिवून द्या, न्हाईतर समितीतनं नाव काढतो." मी म्हटले, काढा. आणि झूल घडी करून घरी घेऊन आले. संगणक आता उघडाबोडका बसला आहे. बसू दे. मी कुणाचीही माफी मागणार नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे.

कळावे, लोभ होता तेवढा परत असावा.
आपली,
विनोदिनी

ता. क. दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्याच्या, मुकुलच्या लग्नाची पत्रिका मी पोस्टाने टाकली, अक्षत घेऊन स्वतः आले नाही, याचा आपल्याला राग. ती चूक माझी. एस.टी.चे तिकीट वाचवले. (हे वाक्य वाचून खोडून टाकावे.)

ता. क. २. मयूरी म्हणते, आत्या नाही तर हळद नाही, आणि हळद नाही तर मी बोहल्यावर चढणार नाही. हट्ट आपल्यावर गेला आहे.

ता. क. ३. पाकिटावर पोस्टाचे तिकीट नाही, हे दिसलेच असेल. अक्षत माझ्या हातात आहे आणि मी आपल्या दाराबाहेर पायरीवर बसले आहे. आधी कोण बोलणार, हा प्रश्न आता नाही. फक्त कडी काढावी, परतीची गाडी पाचची आहे.