लाल नकाशा आणि सत्तावीस नवे भिक्षू

पूज्य मामा ऊ फो थिन यांस, म्या यिनचा गुडघे टेकून नमस्कार.

तुमचा दमा आटोक्यात असेल आणि शिरगणतीच्या कचेरीत मामींचा डबा वेळेवर पोचत असेल, अशी आशा करते. आई बरी आहे. मी बी.ए. झाल्याचं ती अजून मासळीबाजारात सांगते. हल्ली मात्र जरा हळू आवाजात.

तुमच्या शब्दावर मी आपल्या गावाची शिरगणती घेतली खरी, पण घरांवर आकडे घालत फिरले तर लोक दारं लावून घेऊ लागले. "सरकारला आमची डोकी कशाला गं हवीत?" म्हातारी दॉ न्यो खेकसली. "मोजून झाली की उचलायचीच असणार!" (तिचा मुलगा लढाईत पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला नेला होता. परत आलेला तोच आहे, याचीही तिला अजून खात्री नाही.) मला वाटलं, हे अज्ञान आहे, ज्ञान द्यावं. म्हणून शाळेतला जगाचा नकाशा विहाराच्या आवारात टांगला आणि समजावलं, की हा सगळा लाल भाग आपल्या इंग्रज बादशहाचा, पृथ्वीचा चौथा हिस्सा, चव्वेचाळीस कोटी माणसं, आणि तुम्हीही त्यांतलेच! कोणीतरी विचारलं, "म्हणजे एवढ्या लांबवर पाठवू शकतात?" मी हो म्हणाले. (खोटं कसं बोलणार?)

तीन दिवसांत गावच्या सत्तावीस तरुणांनी मुंडन करून चीवर घेतलं. आपल्यात चार दिवस भिक्षू व्हायला कोणाचीच ना नसते, आणि भिक्षूला पलटणीत कोण नेणार? विहाराचे थोरले भिक्षू, आपले सयाडो, खूश आहेत. त्यांच्यासाठी भात रांधणाऱ्या बायका हैराण.

त्या सत्तावीसांत को टुन ह्लाही आहे. होय, या महिनाअखेर ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय तोच. गणतीला गेले तर तो उंच बैठकीवर आणि मी खाली चटईवर. रीतीप्रमाणे तीनदा वाकून विचारलं, "भंते, विवाहित की अविवाहित?"

"अविवाहित लिहा, उपासिके."

"किती दिवस, भंते?"

"तसा रकाना आहे का त्यात?"

नव्हता.

बाकीचे सव्वीस सरकारला घाबरले, हे मला पटतं. पण मामा, मी नकाशा दाखवला तेव्हा हा धक्क्यावर भाताची नाव रिकामी करत होता; त्यानं तो पाहिलाच नाही! मित्र त्याला म्हणे चिडवत होते, "बी.ए. बायको! रोज जेवणाआधी परीक्षा घेईल रे." तेव्हा हा नेमका कोणत्या साम्राज्याला घाबरला, याचा मला दाट संशय आहे.

मामींना नमस्कार सांगावा.

सत्याची चाड असलेली तुमची भाची,
म्या यिन (बी.ए.)

ता.क. कचेरीच्या कागदावर, शिक्क्यासह, दोनच ओळी पाठवाल का? भिक्षूंची यादी वेगळी मागवली आहे आणि बसऱ्याला आधी तेच जाणार, एवढंच. चव्वेचाळीस कोटींत एवढं खोटं कोणाला दिसतंय?

आणखी एक. पक्की गणती पुढच्या महिन्यात आहे. तोवर त्याच्या नावापुढचं 'अविवाहित' मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे.