गोगलगायीच्या रांगेत

५ मे २००७, शनिवार. वाल्डॉर्फ

नीता आज मला नाच शिकायला घेऊन गेली. वय सहासष्ट, एक गुडघा बरा, दुसरा जरा कमी बरा. सुनेने सासूला नाचवलं असं पुण्यात सांगितलं, तर सगळे तिचंच कौतुक करतील.

नाच कुठला, तर कॉर्नवॉलचा. राहायचं जर्मनीत आणि नाचायचं इंग्रजांसारखं. ‘इंग्रज नाही, कॉर्निश,’ बाईंनी ठासून सांगितलं. मॉर्वेना त्यांचं नाव. नवरा जर्मन, हायडेलबर्गला इंग्रजी शिकवतात, शनिवारी संध्याकाळी इथे हा वर्ग घेतात. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून म्हटलं, कॉर्नवॉल मला माहीत आहे — नकाशात इंग्लंडचा पाय, समुद्रात अंगठा बुडवून बसलेला. बाई इतक्या खूश झाल्या की माझी भरती तिथल्या तिथे झाली.

भरतीच. जूनमध्ये इथल्या रस्त्यावर जत्रा असते, तिथे कार्यक्रम आहे आणि जोड्यांना माणसं कमी पडतात. नीता वर्षभर जाते आहे. संध्याकाळी काय करायचं सुचेना म्हणून सुरू केलं, म्हणाली. नवरा, पोर, ऑफिस असताना हिला संध्याकाळ रिकामी कशी मिळते, मला कळलं नाही.

६ मे

सगळं अंग दुखतंय. ह्यांचा पुण्याहून रविवारचा फोन. दम्यामुळे विमानात बसायला नको म्हणून स्वतः आले नाहीत, मला एकटीला धाडलं. नाचाचं सांगितलं. ‘पडू नकोस,’ म्हणाले आणि लेकाला, श्रीधरला, फोन दे म्हणाले.

१२ मे

आज मॉर्वेनाच्या गावाकडचा नाच. जोड्यांची लांब मिरवणूक. तीन पावलं चालायचं, चौथ्याला हलकी उडी, मग आपल्या जोडीदाराभोवती गिरकी, मग पुढच्या जोडीतल्या माणसाभोवती, आणि परत चालायला लागायचं. तिथे मे महिन्यात बँड लावून लोक असे गावभर नाचतात — एकाच्या घरात पुढच्या दाराने शिरतात, परसातून बाहेर पडतात. इथे कुणाच्या घरात असं शिरलं तर आधी बूट काढायला लावतील आणि मग पोलिसांना बोलावतील.

उडी माझी चांगली पडते, असं बाई म्हणाल्या. पडते हे खरं.

१४ मे

श्रीधर पहाटे ड्युसेलडॉर्फला गेला. तिथे प्रोजेक्ट आहे. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार इकडे. इकडे असतो तेव्हा हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. घोरतो म्हणून. त्याच्या वडिलांचं घोरणं शेजारच्या बिल्डिंगमध्ये ऐकू जायचं, मी काही सोफा शोधला नाही. पण आताच्या मुलींना झोप हवी असते.

१९ मे

केरसुणीचा नाच! म्हणजे लांब दांड्याचा झाडू. पाय उचलायचा, झाडू खालून पलीकडच्या हातात द्यायचा, मग दुसरा पाय. लक्ष्मीवरून टांग टाकायची? मी झाडूला हात लावून नमस्कार केला आणि मगच सुरुवात केली. तो नाचाचाच भाग समजून वर्गातल्या सगळ्यांनी केला. मॉर्वेना बघतच राहिल्या.

२६ मे

एक जोडपं सुट्टीवर गेलं, म्हणून श्रीधरला ओढून आणलं. मॉर्वेनांना आमच्या घरचं काय माहीत — ‘नवरा-बायको एकत्र,’ म्हणून दोघांना समोरासमोर उभं केलं. दोन रांगा, मधून वरच्या जोडीने हात धरून खाली यायचं. या दोघांनी एकमेकांची बोटं अशी धरली, जसा तापलेला तवा फडक्याशिवाय उचलावा.

मधल्या सुट्टीत फ्राउ क्रेमर माझ्या शेजारी बसल्या. नीताची जुनी मैत्रीण, इंग्रजीचा त्यांना फार अभिमान. म्हणाल्या, ‘तुमचं कुटुंब किती मॉडर्न. घटस्फोट होऊनही एकत्र नाचतात. आणि सासूही येते. भारतात असंच असतं का?’

मला जर्मनमधला एकच शब्द येतो. सगळे सारखा म्हणतात तो.

मी म्हटलं, ‘गेनाऊ.’ अगदी बरोबर.

मग पुढचा नाच सुरू झाला. मी एकही पाऊल चुकले नाही. कसं, देवाला ठाऊक.

२७ मे

श्रीधरने नीताला चहा करून दिला. नीता म्हणाली, ‘साखर बरोबर आहे हं.’

छान करतात दोघं.

२९ मे

काल काही लिहिलं नाही. राग नीताचा येतो, मग श्रीधरचा, मग सोफ्याचा. माझ्यासाठी घर मांडलंय. मी आले की नवरा-बायको, मी गेले की आपापल्या वाटेला. पाहुण्यांसाठी चांगले कप काढतात तसं.

विचारणार होते. पण विचारलं तर ह्यांना सांगावं लागेल, आणि ह्यांचं हृदय, दमा, स्वभाव — तिन्ही नाजूक. तेव्हा गप्प. आता घरात नाटक करणारी मीही एक.

३ जून

नाटक जमतंय म्हणायचं. काल बागेत दोघांना म्हटलं, ‘एक फोटो काढू द्या. जरा जवळ या. अजून जवळ. श्रीधर, हात ठेव की तिच्या खांद्यावर, काय लाजतोस.’ ठेवला बिचाऱ्याने. दुष्टपणा केला. बरं वाटलं.

ह्यांचा फोन. ‘सगळं ठीक?’ म्हणाले. म्हटलं, अगदी.

१३ जून

स्पृहाचे केस विंचरत होते. सात वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आज मात्र मोडक्या मराठीत आपणहून विचारलं, ‘आजी, तू कधी जाणार?’

का गं, म्हटलं.

‘मग मला खोटं नाही बोलायचं.’

वेणी अर्धीच राहिली. एवढ्याशा पोरीलाही पाठ करायला लावलंय. आणि मी फोटो काढत बसले.

१६ जून

बोलायचं ठरवलं. पण कुठे? श्रीधर आला की नीता स्वयंपाकघरात, नीता हॉलमध्ये आली की श्रीधर बाल्कनीत. दोघं एका ठिकाणी सापडतात ती फक्त नाचात.

२३ जून

जत्रा. रस्त्यावर बाकडी, सॉसेजचा धूर, बिअर. आम्ही शेवटी गोगलगाय केली. सगळ्या जोड्या एकामागे एक, पुढच्या जोडीच्या हातात उंच फांद्या, ती गोगलगायीची शिंगं. रांग गोल-गोल आत वळत जाते, मधोमध पोचली की पुढची जोडी उलटी फिरते आणि आत येणाऱ्यांच्या मधूनच बाहेर निघते. वयाचा मान म्हणून एक फांदी माझ्या हातात. दुसरी मॉर्वेनांच्या. नीता बरीच मागे, फ्राउ क्रेमरबरोबर. श्रीधर तिच्याही मागे.

मधून वळून बाहेर निघालो, तशी नीता समोरून आली. ती आत, मी बाहेर. मी म्हटलं, ‘नीता, मला माहितीय.’

‘काय, आई?’ पण रांग थांबत नाही. गेली पुढे.

वेढा फिरला, पुन्हा समोर. ‘तुमच्या दोघांचं.’

तिचं पाऊल चुकलं. क्रेमरबाईंनी सावरलं.

मग श्रीधर समोर आला. त्याला नुसतं म्हटलं, ‘घोरत नाहीस तू.’

पुन्हा नीता. डोळे भरलेले, पाय मात्र तालात. ‘कधीपासून?’

‘महिना होईल.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू कुठे बोललीस?’

त्यावर ती हसायला लागली. रडतही होती, मला दोन्ही दिसलं. रांग सुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीता गर्दीतून आली आणि मला घट्ट धरून उभी राहिली. माझ्या हातातली फांदी तिच्या केसांत अडकली.

२४ जून, सकाळ

तिघं एका टेबलाशी बसलो. श्रीधर म्हणाला, ‘आई, भांडण नाही, कुणी तिसरं माणूस नाही. नुसतं संपलं.’ नीता म्हणाली, ‘मीच म्हटलं वेगळं होऊ या. तुम्हाला राग येईल.’ आला. पण पोळी तिनेच वाढली आणि मी खाल्ली.

स्पृहाला सांगितलं, आता खोटं नाही बोलायचं. ती म्हणाली, ‘मग बाबाचा सोफा मला.’

मी विचारलं, ह्यांना कोण सांगणार? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ‘तुम्हीच सांगा, आई,’ नीता म्हणाली. तिचा चेहरा जरा विचित्र वाटला. भीती असेल.

दुपारी फोन येईल. वाक्य तयार करते आहे. आधी दम्याचा पंप जवळ घ्यायला सांगायचं, मग खुर्चीत बसायला.

२४ जून, संध्याकाळ

सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, ‘मला दिवाळीपासून माहितीय. नीताने मलाच आधी सांगितलं. तू मोडून पडशील म्हणून मीच त्यांना गप्प राहायला सांगितलं. म्हटलं, एकदा तिकडे जाऊन ये सुखाने.’

फोन ठेवला.

तिकीट तीस तारखेचं होतं, ते महिनाभर पुढे ढकललं. व्हिसा आहे तोवर. ह्यांना कळवलेलं नाही. कुणीतरी सांगेलच.