डावीकडे किंचित

४ मे, संध्याकाळी ५
कॅम्पसाइटवर पोचलो. मित्राचं मोटरहोम आठ दिवस माझ्या ताब्यात. आत पलंग, फ्रिज, शेगडी, बेसिन, सगळं. सोबत ही आणि सासरे. सासूबाई गेल्यापासून सासरे वर्षभर घराबाहेर पडले नव्हते. त्यांना बाहेर काढायची कल्पना हिची, पण योजना माझी.

मॅनेजरबाईंनी चार नंबरची जागा सुचवली. सपाट, पण समोर भिंत. मी अकरा नंबर घेतला. समोर तळं. उतार आहे असं बाई म्हणाल्या. बायकांना उतार लगेच दिसतो.

गाडी मागे डावीकडे किंचित झुकली आहे. टेबलावर सफरचंद ठेवलं तर ते थेट बाथरूमपर्यंत जातं. एवढ्या तेवढ्याने काही बिघडत नाही.

५ मे, सकाळी ७
झोप अशी झाली नाही. हिचं डोकं रात्रभर पायांपेक्षा खाली होतं. सासरे लांब सीटवर झोपले होते, सकाळी पार्सलसारखे दाराशी गोळा झालेले सापडले. तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "जावईबापू, हे असंच असतं का?"

फ्रिज बंद पडलाय. दूध नासलं. ही म्हणते की गॅसवरचा फ्रिज तिरका चालत नाही, पुस्तिकेत लिहिलंय. पुस्तिका हिने का वाचली कळत नाही. मी वाचणारच होतो.

संकल्प : आज गाडी लेव्हल करणे. तीस वर्षं ऑफिसचं गोडाऊन सांभाळलंय. गाडी ती काय.

दुपारी १
डिकीत दोन पिवळे प्लॅस्टिकचे रॅम्प मिळाले. मागच्या चाकांपुढे ठेवायचे, गाडी अलगद वर चढवायची. हिला मागे उभं केलं होतं. ती "थांबा" म्हणाली. थांबा म्हणजे आत्ता, का जरा वेळाने, हे तिने सांगायला हवं होतं. गाडी रॅम्पच्या पलीकडे धाडकन उतरली. कपाटातल्या बशा खाली. तीन शिल्लक. आम्ही तिघंच आहोत, म्हणजे तशी अडचण नाही.

सासरे निवृत्त गवंडी. बॅगेत अजून पाणसळ बाळगतात, ती बुडबुड्याची पट्टी. काढू का म्हणाले. मी नम्रपणे मोबाईल दाखवला. अ‍ॅप आहे. पॉइंट एक डिग्रीपर्यंत अचूक.

६ मे, सकाळी ११
यश. चौथ्या प्रयत्नात अ‍ॅपवर शून्य. बरोब्बर शून्य. फोटो काढून मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

६ मे, दुपारी ४
बेसिनचं पाणी एका कोपऱ्यात साचून राहतंय. दार आपोआप उघडतं. फ्रिज बंदच. बेसिनच वाकडं बसवलेलं असणार. आणि दारही. आणि फ्रिजही.

उपाय : चार कोपऱ्यांतले जॅक फिरवून डावी बाजू थोडी उचलणे. सासरे म्हणाले, जॅक गाडी उचलायला नसतात, उभी केलेली गाडी हलू नये म्हणून नुसते टेकवायचे असतात. बांधकामाचा माणूस, गाड्यांचं त्यांना काय. उचलली. जॅक ओल्या मातीत वीतभर रुतला. तो बाहेर काढायला पाऊण तास.

७ मे, सकाळी ९
आज शेवटचा उपाय. जॅक वर घेतले. रॅम्प आणखी आत सरकवून गाडी पुन्हा वर नेणार. चाकांना लावायचे ठोकळे आहेत, पण ते फार चढ असला तर. इथे हँडब्रेक पुरे.

७ मे, दुपारी ३
गाडी चढवली. दाराशी ठेवलेल्या मोबाईलवर अ‍ॅप बघायला खाली उतरलो. हँडब्रेक ओढला होता. बहुतेक अर्धा.

गाडी मागे घसरली. रॅम्प उडून बाजूला पडले. मी दाराचा दांडा धरून शेजारून पळत होतो, जशी काही ती माझ्याने थांबणार होती. खालच्या मातीच्या बांधाला टेकून थांबली. आठ-दहा फूट.

सासरे आत चहा पीत बसले होते. बाहेर आले. हातात कप, शर्टवर चहा. पायरीवर बसले. चटका लागला नाही म्हणाले. चहा निवलेलाच होता म्हणाले.

ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा आत होते."

आज आणखी काही लिहीत नाही.

८ मे, दुपारी १२
सकाळी हिने किल्ली मागितली. दिली.

चार नंबरला गेलो. ही चालवायला, सासरे बाहेर, मी सासऱ्यांच्या मागे. हिने दुसऱ्या कोणाला गाडीत बसू दिलं नाही. डावीकडे दोन बोटं कमी पडत होती. एकच रॅम्प. सासऱ्यांनी दोन्ही तळवे उचलले की ही थांबायची. 'थांबा' हा शब्द कोणी वापरलाच नाही. हँडब्रेक पूर्ण. मग चारही चाकांना ठोकळे. ते त्यांनी मला लावायला दिले. नंतर जॅकखाली फळ्या ठेवून जॅक नुसते टेकवले. एकूण बारा मिनिटं. फ्रिज सुरू.

सासऱ्यांनी माझा मोबाईल जमिनीवर ठेवला, शेजारी पाणसळ ठेवली. मग मोबाईल उचलून उलटा केला. पाठीवर बोटात अडकवायची रिंग आहे. तीन दिवस मी रिंगच्या उंचीइतकी गाडी वाकडी करत होतो. ते हसले नाहीत. रिंग नखाने काढून माझ्या हातावर ठेवली.

खरं तर अ‍ॅप बनवणाऱ्यांनी याची सूचना द्यायला हवी.

९ मे, सकाळी १०
सासरे आठ वाजेपर्यंत झोपले. ही म्हणते, वर्षात पहिल्यांदा. आम्ही आवाज न करता चहा केला. ही माझ्याकडे बघून थोडी हसली, असं वाटलं. खात्री नाही.

पाच नंबरवाले गाडी लेव्हल करायला मदत मागायला आले. मी उठलो. त्यांना ही हवी होती. आणि बाबा. मी ठोकळे घेऊन गेलो.

११ मे, दुपारी २
निघालो. मॅनेजरबाईंनी हिला आणि सासऱ्यांना हात हलवून निरोप दिला. मला विचारलं, तुम्ही यांच्याबरोबरच आहात का?

वाटेत सासरे हिला म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ, दुसरीकडे कुठे तरी. ही म्हणाली, जाऊ की. थोड्या वेळाने सासरे म्हणाले, "जावईबापू आले तरी चालतील."

म्हणजे आमंत्रण पक्कं. त्यांची बोलायची पद्धतच मोघम आहे.