सहावी ओळ

मंगळवार, ४ मार्च

पाचला उठलो. थर्मास भरला, फाईल पिशवीत घातली, रिक्षा बघायला गेटपर्यंत गेलो. तिथे आठवलं, आता मंगळवार-शुक्रवार कुठे जायचं नाही. लेकाला, मिलिंदला, जाऊन तीन आठवडे झाले, डायलिसिसचे वार मात्र अंगात मुरलेत. परत आलो तर ही ओट्याशी उभी. थर्मासातला चहा दोन कपांत ओतला.

संध्याकाळी सूनबाई प्रज्ञा शाळेतून आली आणि मिलिंदचं विमानाच्या नोंदींचं पॅड माझ्या हातात दिलं. "बाबा, मला यातलं काही लागत नाही. तुम्ही वाचू शकाल. अंगठ्याचं तुम्हीच शिकवलंत ना त्याला?"

डोक्याला तो थोरला चष्मा लावून पोर खुर्चीत बसून संगणकावरचं विमान उडवायचं. चष्म्यात विमानाची केबिन दिसते, काच दिसते, खाली समुद्र दिसतो. आपला हात दिसत नाही, मांडीवरचा कागद दिसत नाही. तरी नोंदी करायचा, न बघता. ती विद्या माझी. पोफळीच्या पॉवरहाऊसात हेल्परचा ऑपरेटर झालो तो तिच्यावरच. मीटरच्या काट्यावरून नजर हलवायची नाही, हात लिहीत राहतो. डावा अंगठा ओळीवर टेकवायचा, ओळ झाली की एक बोट खाली. सात वर्षांचा असताना कॉलनीतल्या खोलीत त्याला शिकवलं होतं, खेळ म्हणून.

एक्केचाळीस पानं आहेत. शेवटचं ९ फेब्रुवारी, रविवार. सोमवारी पहाटे तो गेला. त्या पानावर सहा ओळी. प्र. म्हणाली, "त्या मला हव्यात, बाबा."

गुरुवार, ६ मार्च

आकडे लागतात. ३४५ म्हणजे दिशा, २००० म्हणजे उंची, फुटांत. अक्षरं लागत नाहीत. डावीकडे झुकतात, मधेच उडतात, एक काना पार खालच्या ओळीत. भिंग लावून बसलो. काही उपयोग नाही.

दुपारी डोक्यात आलं, हे खुर्चीत बसून लिहिलेलं नाहीच. हे वर लिहिलेलं आहे. तर वर जायला हवं.

शनिवार, ८ मार्च

प्र.ने यंत्र लावून दिलं. डोळ्यांपुढे मिरजोळ्याची धावपट्टी, अगदी खरी. डावीकडे मान वळवली तर पंख. दांडा ओढला, वर गेलो, आणि ओकारी.

ही बादली घेऊन धावली. "आवो, खुर्चीतनं पडाल! या वयात काय इमान उडवताव? तुमाला काय वाटता, तो तितं वर बसलाय काय?"

मग हिच्याच लक्षात आलं काय बोलली ते. बादली धुवायला गेली ती बराच वेळ मोरीतच.

मंगळवार, ११ मार्च

चार वेळा मिऱ्याच्या समुद्रात पडलो. आल्याची वडी तोंडात ठेवली की मळमळ कमी होते, हा शोध आजचा.

काटे फार बघतो मी. एकेक काटा बघून होईपर्यंत खाली समुद्र आलेला असतो. मिलिंद कुणालाही शिकवताना सांगायचा, "काट्यांत अडकू नका. बाहेर बघा!" मला नाही शिकवलं. मला किती वेळा म्हणाला, "बाबा, एकदा बसा ना. आपली कॉलनी वरून दाखवतो." मी म्हणायचो, बसू सवडीने.

सवड आता ढीगभर आहे.

शनिवार, १५ मार्च

लागलं! पान पहिलं लागलं.

पॅड मांडीला बांधलं (इलॅस्टिक हिनेच शिवून दिलं होतं त्याला, पेन सुतळीने बांधलेलं), माझा कोरा कागद लावला, आणि पहिल्या पानावरचे आकडे पाठ करून तसाच उडालो. भाट्याच्या खाडीवर विमान डावीकडे कलतं. अंग कलतं. हात कलतो. तेव्हा लिहिलं, चष्मा काढून बघितलं, तर माझं अक्षरही तसंच झुकलेलं. मग त्याचं पान शेजारी ठेवलं. जिथे अक्षर झुकतं तिथे तो वळत होता. जिथे उडतं तिथे हवेने हिसका दिला. हे कळल्यावर शब्द आपोआप उघडले.

संध्याकाळी प्र.ला वाचून दाखवलं: "भाट्ये पूल खाली. प्रज्ञाची स्कूटर दिसत नाही. बहुतेक पेट्रोल संपलं."

ती हसली. महिन्याने हसली. मग म्हणाली, "एकदा संपलं होतं पेट्रोल. एकदाच. आणि आयुष्यभर बोलला." पदर तोंडाला लावून आत गेली.

शुक्रवार, २१ मार्च

आता हा रोजचा शिरस्ता. दुपारी ही कलंडली की मी उडतो. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर प्र. आणि ही समोर बसतात, मी वाचतो. मालिका बघावी तशा वाट बघतात. गुहागरची वाडी वरून "हिरवी गोधडी" दिसते म्हणतो. दाभोळला फेरीबोट त्याला कधीच दिसली नाही, त्यावर तीन पानं तक्रार.

आज पान एकोणतिसावं. त्या दिवशी पोफळीचा डोंगर ओलांडून कोयनेच्या धरणावर गेला होता. वाचत गेलो आणि मधे थांबायला हवं होतं, थांबलो नाही: "पाणीच पाणी. दोन्ही डोळ्यांत मावत नाही. आईचा ग्लास आठवला."

डायलिसिसवाल्याला पाणी मोजून द्यावं लागतं. ही छोट्या स्टीलच्या ग्लासाने द्यायची. दिवसाला किती ते ठरलेलं. कळशी कपाटात ठेवायची, कुलूप लावून. उन्हाळ्यात तो हात जोडायचा आणि ही पाठ फिरवून उभी राहायची.

हिने ऐकलं. उठली, तो छोटा ग्लास मांडणीवरून काढला, पदराने पुसला, परत ठेवला. रात्री जेवताना पाणी घेतलं नाही.

गुरुवार, २७ मार्च

चाळीस पानं झाली. राहिलं शेवटचं.

पाच ओळी आजच लागल्यात, न उडता. आता त्याचा हात माझ्या ओळखीचा झालाय.
१. मिरजोळे सुटलो. दम लागतो.
२. ३४५. गुहागर. ऊन छान.
३. दाभोळ. खाडीत उजवीकडे.
४. चिपळूण. थकलो. पुढे जातो.
५. पोफळी. कॉलनी दिसत नाही. नुसती झाडं.

सहावी लांब आहे, कागदाच्या कडेपर्यंत. तिच्यात आकडा एकही नाही. म्हणजे ती विमानाची नोंद नाही. माणसासाठी आहे.

प्र. म्हणाली, "ती रविवारी. मी घरी असेन तेव्हा. आपण तिघं." मी हो म्हटलं.

शनिवार, २९ मार्च

हे लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. चूक झाली की शिफ्ट संपायच्या आत नोंदवायची, अशी आपली शिस्त.

दुपारी दोनला बसलो. उद्याची तयारी म्हणून, असं मनाला सांगितलं. उडण्याआधी शेवटचं पान पॅडवर लावून आकडे पाठ केले. ते काढून कोरा कागद लावायचा होता. लावला असंच वाटलं. चष्मा चढवला.

आज हात चांगला चालला. गुहागर, दाभोळ, खाडीवरून आत, चिपळूण. लिहिलं काही नाही, नुसता उडालो. पोफळी आली. खरंच, यंत्राच्या नकाशात कॉलनी नाही. ज्या खोलीत तो रांगला तिथे झाडं. डावा अंगठा कागदावर गेला. पेनाचा दाब बोटाला लागतो, त्यावरून शेवटची ओळ सापडते. कोऱ्या कागदावर दाब कुठून, हे तेव्हा सुचलंच नाही. अंगठा तिथे बसला. एक बोट खाली घ्यायचा.

घेतला नाही.

लिहिलं: "मिलिंद, आलो रे मी. उशीर झाला." चष्मा काढला.

त्याच्या सहाव्या ओळीवर माझी ओळ. अक्षरावर अक्षर. पेन तेच, शाई तीच. वळणही तेच, माझंच त्याने उचललेलं. खिडकीत धरलं, मागून बघितलं, तिरपं धरलं. कुठला काना त्याचा, कुठला माझा, सांगता येत नाही.

पॉवरहाऊसात एवढी वर्षं काढली. एकदाही ओळीवर ओळ चढली नाही.

रविवार, ३० मार्च

चक्कर येते म्हणालो. प्र.ने लिंबूपाणी करून आणलं, कपाळावर हात ठेवला. "राहू दे बाबा, पुढच्या रविवारी." तिच्या हाताखाली कपाळ जळत होतं. पान गादीखाली.

बुधवार, २ एप्रिल

हिला काहीतरी कळलं. "मना सांगा काय झाला ता. चार दिस तोंड बगतंय मी तुमचा."

सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मी त्याला पानी दिला न्हाय. तुमी त्याची ओळ घालवलात. दोगं सारखीच झालो." आणि थोड्या वेळाने, "पन तिला सांगा. तिचा काय गुन्हा?"

शनिवार, ५ एप्रिल

सांगितलं. पान तिच्यापुढे ठेवलं.

तिने ते उजेडात धरलं. "रविवारी तिघांनी वाचायचं ठरलं होतं. शनिवारी का बसलात?"

तयारी म्हणून, म्हणालो.

"नाही, बाबा. तुम्हाला आधी बघायचं होतं. ती माझ्यासाठी आहे की तुमच्यासाठी."

तेच खरं आहे. मनातून मला ती माझी हवी होती. चाळीस पानांत कुठे आई आहे, कुठे प्र. आहे. मी नाही. एकदाही नाही. नुसता माझा अंगठा आहे.

पान घेऊन ती आपल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, पण मी आत गेलो नाही.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. पांढरी साडी नेसून प्र. बायकांत उभी. दरवर्षी मिलिंद ध्वनिक्षेपकाची वायर धरून असायचा. यंदा वायर कुणीतरी खांबाला गुंडाळली.

नऊ दिवसांत प्र. माझ्याशी बोलते ती कामापुरती. "बाबा, गोळी घेतलीत?" "बाबा, दूधवाला." रागाने बोलली असती तर बरं. खीर वाढताना म्हणाली, "साखर नाही घातली तुमच्यात." माझ्या साखरेची आठवण तिला आहे. याच साखरेपायी डॉक्टरांनी माझी किडनी नको म्हटलं होतं. तिला ते सुचवायचं नव्हतं. मला सुचलं.

यंत्रावर फडकं टाकून ठेवलंय.

शुक्रवार, १८ एप्रिल

शाळेला सुट्टी. ही काजूच्या ओल्या बिया सोलत बसलेली, बोटं डागाळलेली. प्र. माझ्यापुढे येऊन उभी राहिली, हातात ते पान.

"मी रोज बघते. रोज वेगळं वाचते. एकदा वाटतं 'प्रज्ञा' आहे. एकदा वाटतं 'बाबा'. काल तर 'पाणी' वाटलं."

मी यंत्रावरचं फडकं सारखं केलं.

"तुम्ही म्हणालात ना, वर गेल्यावर हात कळतो. मला शिकवा. अंगठ्याचं पण."

ही आतून ओरडली, "आल्याची वडी दे गो तिला आधी!"

रविवार, २० एप्रिल

प्र. खुर्चीत आहे. मी शेजारी स्टुलावर, माझी वही मांडीवर. तिच्या पॅडवर कोरा कागद आहे. तीनदा बघितलं. मग तिला हात लावून बघायला सांगितलं. हिनेही बघितलं.

शुक्रवारी-शनिवारी पाच वेळा पडली समुद्रात. आज शेवटच्या पानाचा रस्ता. पहिल्या पाच ओळी तशाच लिहायच्या, त्याच जागी. सहावीला हात नेईल तिकडे, असं तिचं तिनेच ठरवलंय. त्याने ती ओळ त्याचीच होणार नाही, हे मला माहीत आहे. तिलाही असावं.

गुहागर झालं. दाभोळला "फेरीबोट नाहीच!" म्हणाली.

तिच्या अंगठ्यावर माझी नजर आहे, म्हणून वहीकडे न बघता लिहितोय. माझ्या ओळी कशा पडल्यात कुणास ठाऊक. माझाही अंगठा ओळीवर.

चिपळूण. चौथी ओळ लिहिली. अंगठा खाली.

हिने मोठा तांब्या भरून आणला, तिच्या हाताशी ठेवला. छोटा ग्लास नाही.

पाचवी ओळ. तिची मान खाली झुकलीय, चष्म्यातून काहीतरी शोधतेय. म्हणजे पोफळी. झाडं दिसत असणार.

पेन थांबलंय. ही माझ्या खांद्याला धरून उभी.

अंगठा एक बोट खाली घेतला तिने. नीट घेतला.

लिहायला लागली. मी भिंतीकडे बघतोय.

अजून लिहितेय