चोरून नेलेली पानवेल

दांडी, दि. ८ सप्टेंबर

ती. वामनदादास,
धाकट्या हंसाचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. न उचलणाऱ्याला शिव्याही नीट घालता येत नाहीत. खाडीचं पाणी चार दिवस आपल्या वाडीत होतं, पानवेली मुळासकट कुजल्या, हे मला बाजारात एडवणच्या बायकांकडून कळावं? आणि दसऱ्याला वाडी रिसॉर्टवाल्याला देऊन तू बोईसरच्या कंपनीत वॉचमन होणार म्हणे. दादा, जेवल्यावर तुझा डोळा लागतो. तू कसली राखण करणार!

आता खरं सांगते. आपल्या घरात वेलीचं बेणं लेकीला देत नाहीत, घराची बरकत तिच्याबरोबर जाते म्हणून. पण पाठवणीच्या दिवशी मी दोन कांड्या बस्त्यात लपवून आणल्या आणि इथे विहिरीपाशी पांगाऱ्यावर चढवल्या. बावीस वर्षं झाली. बाबा गेल्यापासून तू मला एकदाही बोलावलं नाहीस. फार आठवण आली की एक पान खुडते, वाडीत जाऊन आल्यासारखं वाटतं. बेणं आपलंच आहे. हवं तर सांग.

तुझ्या एका ओळीची वाट पाहणारी,
हंसा

एडवण, दि. १५ सप्टेंबर

चि. हंसास अ. उ. आ.

चोर तर चोर, वर शिरजोर! पत्र वाचून आधी रागावलो, मग तुझ्या वहिनीने मला हसताना पकडलं. फोनवर बोललो असतो तर रडू आलं असतं, म्हणून उचलत नव्हतो.

गावातल्या पंधरा-वीस जणांनी येऊन वाडीत चर खणून दिले. नंतरच्या पावसाने खार बरीच धुऊन नेली. धर्माजी म्हाताऱ्याने माती जिभेला लावली आणि म्हणाला, खार गेली हाय, आता लाव वेल. पण लावू काय? गावात सगळ्यांचंच बेणं गेलं आणि बाहेरचं आपल्या मातीत धरत नाही. निदान चार ओळी उभ्या राहिल्या तर रिसॉर्टवाल्याला नाही म्हणेन. दोनशे कांड्या निघतील का? रविवारी आमच्या दिपेशला पाठवतो. तू येऊ नकोस. भिंती कमरेपर्यंत ओल्या आहेत, घर तुला बघवणार नाही.

माया आटली असं समजू नकोस.
वामन

दांडी, दि. २१ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

दिपेशबरोबर दोनशे सात कांड्या देते आहे. ओल्या गोणपाटात बांधल्यात, उद्याच लाव. आमचे हे म्हणत होते, थोडी राहू दे, सगळी कशाला कापतेस. पण निम्म्या वेलीत शंभरसुद्धा निघत नव्हत्या, म्हणून पार बुडापर्यंत कापली. दिपेशला चहा दिला आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडले.

आता खुडायला इथे एकही पान नाही. तुझ्या भिंतींना ओल असो नाहीतर शेवाळ, मी ओसरीवर निजेन. लोभ आहेच रे दादा, पण तो पत्रात पुरेनासा झालाय. मला बोलाव.

तुझी,
हंसा